उंबऱ्याबाहेरचे ऊन

भगिनींनो, मराठवाड्यात राहणाऱ्या बायकांपुढे उन्हाचे गुण गाणे हे जरा धाडसाचेच काम आहे. नांदेड घ्या किंवा लातूर घ्या, चैत्र सरत आला की सकाळी दहापासूनच रस्ते ओस पडू लागतात. वैशाखात पारा चाळीस अंशांच्या वर चढतो. मुलगा बाहेर निघाला की आपण त्याच्या डोक्याला रुमाल बांधतो, खिशात कांदा टाकतो आणि सावलीसावलीने जा म्हणून दहा वेळा बजावतो. ऊन हे आपल्याकडे टाळण्याची वस्तू झाली आहे. अशा या प्रांतात ऊन कमी पडल्यामुळे कुणाची हाडे मऊ होतील, हे ऐकूनही खरे वाटणार नाही. परंतु तसे घडत आले आहे, आजही घडते आहे. आणि विशेष म्हणजे ते पुरुषांपेक्षा स्त्रियांच्या आणि तान्ह्या मुलांच्या वाट्याला अधिक आले आहे. असे का व्हावे, याचा थोडा इतिहास या स्मरणिकेच्या निमित्ताने आपल्यापुढे मांडावा असे मनात आहे.

प्रथम मुडदुसाची हकीकत पाहू. मूल चालू लागण्याच्या वयात त्याचे पाय धनुष्यासारखे वाकतात, मनगटे जाड होतात, टाळू लवकर भरत नाही, छातीची फासळी दबते. हा रोग आपल्या आज्या-पणज्यांना ठाऊक होता, म्हणूनच मराठीत त्याला स्वतःचे नाव आहे. इंग्लंडमध्ये तर तो इतका बोकाळला होता की फ्रान्सिस ग्लिसन या वैद्याने १६५० साली त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. पुढे कारखाने निघाले, शहरांवर कोळशाच्या धुराचे छत पसरले, अरुंद बोळांत चाळी उभ्या राहिल्या, आणि गरिबांची मुले वाकड्या पायांनी हिंडू लागली. १८२२ साली पोलंडमधील श्न्यादेत्स्की या डॉक्टरांनी लिहून ठेवले की हा रोग शहरातील मुलांना होतो, खेड्यातील मुलांना सहसा होत नाही. तेव्हा मुलांना मोकळ्या हवेत, उन्हात ठेवावे. त्यांचे म्हणणे फारसे कुणी मनावर घेतले नाही.

त्यानंतर जवळजवळ सत्तर वर्षांनी थिओबाल्ड पाम नावाच्या डॉक्टरांनी तीच गोष्ट पुन्हा सांगितली. पाम हे बरीच वर्षे जपानात मिशनचे वैद्यकीय काम करीत होते. तिकडे त्यांना मुडदूस दिसला नाही, आणि मायदेशी परतताच मात्र तो पावलोपावली दिसू लागला. त्यांनी निरनिराळ्या देशांत काम करणाऱ्या डॉक्टरांना पत्रे लिहून माहिती मागवली आणि १८९० साली आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. गरिबी, अस्वच्छता आणि निकृष्ट अन्न तर पूर्वेकडील देशांतही आहे. पण तिथे ऊन आहे, आणि इंग्लंडच्या शहरांत ते नाही. मुडदुसाचे मूळ तिथेच आहे, असे ते म्हणाले.

प्रकाशात रोग बरा करण्याची शक्ती आहे हे पुढे जगाने मान्य केले. डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांनी प्रकाशकिरणांनी त्वचेचा क्षय बरा करून दाखवला, त्याबद्दल त्यांना १९०३ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९१९ साली बर्लिनमध्ये डॉ. हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या मुलांना पाऱ्याच्या दिव्याच्या किरणांपुढे ठेवले आणि त्यांची हाडे भरून येत असल्याचे क्ष-किरणांच्या चित्रांवरून सिद्ध केले.

याच सुमारास व्हिएन्नात घडलेली एक गोष्ट आपण बायकांनी मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे. पहिल्या महायुद्धानंतर त्या शहरात अन्नाची दैना उडाली होती आणि मुलांचे हाल चालले होते. तेथील मुलांच्या रुग्णालयात हॅरिएट चिक या विदुषी आपल्या सहकारी स्त्रियांना घेऊन गेल्या. १९१९ ते १९२२ या काळात त्यांनी एकेका बाळाच्या दुधाची, औषधाची आणि उन्हाची काटेकोर नोंद ठेवली. माशाच्या यकृताचे तेल दिले तरी मुडदूस बरा होतो आणि नुसत्या उन्हात ठेवले तरीही बरा होतो, हे त्यांनी निर्विवाद दाखवून दिले. एकच रोग तेलानेही बरा व्हावा आणि उन्हानेही बरा व्हावा, हे मोठे कोडे होते. त्याचा उलगडा पुढे झाला तो असा : तेलात जे सत्त्व असते तेच आपली त्वचा उन्हात स्वतः तयार करते. त्या सत्त्वाला १९२२ साली ड जीवनसत्त्व हे नाव मिळाले. अन्नातला चुना, म्हणजे कॅल्शियम, शरीरात नीट शोषला जाऊन हाडांपर्यंत पोहोचावा म्हणून ते लागते. आपल्या नेहमीच्या वरण-भात-भाकरीत ते जवळजवळ नसतेच. म्हणून आपल्याला ते मुख्यतः उन्हातूनच मिळवावे लागते.

इथपर्यंत वाचून एखादी भगिनी म्हणेल, ही सारी धुराच्या आणि धुक्याच्या देशांची कथा झाली, तिचा आपल्याशी काय संबंध? तर आता आपल्या नाशिककडे वळू. त्याच काळात, म्हणजे १९२१-२२ च्या सुमारास, डॉ. एच. एस. हचिसन यांनी नाशिक शहरात पाहणी केली. हाडे मऊ होण्याच्या बायकांच्या रोगाबद्दलचा लेख त्यांनी डॉ. पटेल यांच्यासह लिहिला, आणि मुलांच्या मुडदुसाबद्दलचा डॉ. शहा यांच्यासह. नाशिकला ना धूर, ना धुके. गोदावरीच्या काठचे, वर्षातून आठ महिने लख्ख उन्हाचे गाव. तरीसुद्धा तिथे मुडदूस होता. तो कुणाच्या घरी होता हे ऐकण्यासारखे आहे. ज्यांच्या घरी दूधदुभते होते, खाण्यापिण्याची ददात नव्हती, पण बायका पडद्यात आणि मुले आतल्या अंधाऱ्या खोल्यांत राहत होती, त्या सुखवस्तू घरांत तो होता. आणि जी बाई सकाळी पाटीत मूल घालून कामावर जाई, मुलाला झाडाच्या बुंध्याशी निजवी, जिच्या घरी दुधाचा थेंब मिळण्याची मारामार होती, तिचे मूल या रोगापासून बहुतेक मुक्त होते.

भगिनींनो, गरिबाच्या वाट्याला सुखवस्तूपेक्षा काही चांगले आले, अशी उदाहरणे आरोग्याच्या इतिहासात फार थोडी आहेत. त्यांतले हे एक. अर्थात त्या कष्टकरी बाईचे जिणे सोपे होते असे नव्हे. उपासमार, बाळंतपणातील हाल आणि दुसरे शंभर रोग तिच्या पाठीशी होतेच. पण आकाशातले ऊन कुणी तिच्यापासून काढून घेतले नव्हते.

नाशिकच्या पाहणीतून दिसले तेच थोड्या वर्षांनी काश्मिरात दिसले. कॅथलीन व्हॉन या स्त्री-डॉक्टर तिथे काम करीत होत्या. पडद्यात राहणाऱ्या तरुण बायकांची कंबरेची हाडे मऊ होऊन आत दबतात, मग बाळंतपणाच्या वेळी मूल बाहेर येण्याची वाटच बंद होते, आणि पुष्कळदा आई व मूल दोघेही दगावतात, असे त्यांनी पाहिले. उलट नावेवर राहणाऱ्या, दिवसभर उघड्यावर वल्ही मारणाऱ्या हांजी बायका सुखरूप बाळंत होत होत्या. १९२८ साली त्यांनी पडदा आणि मातृत्व यांच्या संबंधावर पुस्तकच लिहिले. हा प्रश्न कुठल्या एका धर्माचा वा जातीचा नव्हता. दार जिच्यावर बंद झाले, तिची हाडे झिजली. मग ती कुणाही घरची असो.

आता आपल्या मराठवाड्याकडे येऊ. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण हैद्राबाद संस्थानात होतो. त्या काळी देशमुखी, जहागिरदारी घरांतून गोषा पाळला जाई, हे आपल्यातील वडीलधाऱ्या बायकांनी आपल्या आई-सासूच्या तोंडून ऐकले असेल. परंतु आपल्या जुन्या वाड्यांत एक सोय होती, ती म्हणजे मधला चौक. बाहेरच्या माणसाची नजर पडत नाही, पण आकाश उघडे आहे, अशी ती जागा. तिथे तुळशीवृंदावन असे. धुणे वाळत घालणे, डाळ निवडणे, केस वाळवणे, लेकराला न्हाऊ घालणे, सारे तिथेच चाले. उंबरा न ओलांडताही घरच्या बाईच्या अंगाला ऊन लागे. चौक कुणी औषध म्हणून बांधला नव्हता, पण औषधाचे काम त्याने केले असले पाहिजे.

साध्या घरांची गोष्ट वेगळी. औसा, निलंगा, उदगीर, कंधार या भागांतली जुनी घरे म्हणजे दोन-दोन, तीन-तीन फूट रुंदीच्या दगडमातीच्या भिंती आणि वर पांढऱ्या मातीचे माळवद. उन्हाळ्यात आत गारवा, आणि चोराचिलटांची भीती कमी. पण खिडकी म्हणून जी असते ती बहुधा नसेच. उजेड यावा आणि धूर जावा म्हणून माळवदाला एखादे भोक ठेवलेले असे, त्यातून उन्हाचा कवडसा दुपारी जमिनीवर फिरे, तेवढाच. अशा घरात बाळंतिणीची खोली सर्वांत आतली. वारा लागू नये, दृष्ट लागू नये म्हणून दाराला पडदा, खाटेखाली शेगडी आणि खोलीत धुरी. त्यातल्या त्यात बरे एवढेच, की बाळाला तेल लावून थोडा वेळ उन्हात मांडीवर घेऊन बसण्याची रीतही आपल्याकडे होती. ती बंद खोलीची रीत आणि ही अंगणाची रीत, दोन्ही आपल्याच. त्यांतली कोणती ठेवावी, एवढाच प्रश्न.

इथे १९५६ सालची एक हकीकत सांगते. इंग्लंडमधील रॉचफर्डच्या रुग्णालयात वॉर्ड नावाच्या एक परिचारिका होत्या. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना त्या उन्हाच्या दिवसांत उघड्यावर घेऊन जात. काविळीने पिवळे पडलेले बाळ उन्हात राहिले की उघड्या अंगावरचा पिवळेपणा कमी होतो आणि झाकलेल्या जागेवर तो तसाच राहतो, हे त्यांनी डॉक्टरांच्या नजरेला आणून दिले. त्यावरून तपास झाला, १९५८ साली लेख प्रसिद्ध झाला, आणि आज आपल्या रुग्णालयांतून काविळीच्या बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवतात त्या उपचाराचा जन्म झाला. मात्र बाळ पिवळे दिसले तर आजच्या काळात उन्हावर विसंबून घरी बसू नये. काही काविळी झपाट्याने वाढतात आणि मेंदूला इजा करतात. म्हणून तडक डॉक्टर गाठावेत.

आपल्या सणवारांतही ऊन आहेच. माघ शुद्ध सप्तमीला, रथसप्तमीला, अंगणात गोवऱ्या पेटवून सूर्यासमोर दूध उतू घालतात. संक्रांतीपासून त्या दिवसापर्यंत हळदीकुंकवाच्या निमित्ताने बायका घराबाहेर पडतात. आदित्यराणूबाईची कहाणी आपल्यापैकी अनेकींनी लहानपणी ऐकली आहे. उन्हाळा आला की पापड, कुरडया, शेवया, सांडगे यांची वाळवणे माळवदावर आणि गच्चीवर पसरली जात. पूर्वजांना ड जीवनसत्त्व ठाऊक होते असा दावा मी करणार नाही. तो खरा नाही. पण या साऱ्या कामांमुळे बाई वर्षाकाठी कितीतरी तास आकाशाखाली घालवी, हे मात्र खरे.

मग हे सारे बदलले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्याच जाड भिंती आणि जड माळवदे निजलेल्या माणसांवर कोसळली आणि हजारो जीव गेले. लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांतली बावन्न गावे नव्या जागी वसवावी लागली. नव्या घरांना खिडक्या आल्या, रुंद सरळ रस्ते आले. पण जुन्या घरापुढचे, भिंतीआडचे अंगण पुष्कळ ठिकाणी गेले. दार थेट रस्त्यावर उघडू लागले. तेव्हा अनेक कुटुंबांनी हळूहळू पुन्हा कुंपणे आणि भिंती घालून आपले अंगण परत मिळवले. घराला खिडकी असणे आणि बाईला उन्हात निवांत बसता येईल अशी जागा असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यावरून कळते.

आपल्या शहरांतही तेच झाले. १६ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर स्वतंत्र जिल्हा झाला, गाव वाढले, नांदेडही वाढले. वाडे पाडून त्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. वाळवणे दुकानातून येऊ लागली, कपडे यंत्रात पिळून निघू लागले. आपण बायकांचे कष्ट कमी झाले, ही आनंदाचीच गोष्ट आहे. कुणी पुन्हा आडावरून पाणी शेंदायला सांगत नाही. पण त्या कष्टांबरोबर जे ऊन फुकट मिळत होते ते गेले, आणि त्याच्या जागी आपण दुसरे काही ठेवले नाही. लातूर पॅटर्नचे नाव महाराष्ट्रभर झाले. गावोगावच्या मुली शिकायला येतात, याचा आपल्याला अभिमान आहे. परंतु पहाटे शिकवणी, दिवसा अभ्यासिका, संध्याकाळी पुन्हा शिकवणी, आणि रस्त्याने जाताना डोळ्यांखेरीज सारा चेहरा रुमालाने बांधलेला, अशा वेळापत्रकात ऊन केव्हा लागणार? आणि हेच तर हाडे भरण्याचे वय.

हा केवळ तर्क नव्हे. पुण्याच्या झोपडपट्टीतील लहान मुलांची पाहणी करून वीणा एकबोटे, डॉ. अनुराधा खाडिलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. जी मुले पाळणाघरात रोज उन्हात खेळत होती त्यांच्यापेक्षा घरातच राहणाऱ्या मुलांत ड जीवनसत्त्वाची कमतरता आणि मुडदूस पुष्कळ अधिक आढळला. नाशिकच्या पाहणीला तेव्हा नव्वद वर्षे होत आली होती. उत्तर तेच निघाले. दुसरा पुरावा डोळ्यांचा. चीनमधील ग्वांगझू शहरात सहा-सात वर्षांच्या शाळकरी मुलांना तीन वर्षे रोज चाळीस मिनिटे अधिक बाहेर ठेवले. २०१५ साली निकाल आला तो असा, की एरवी शंभरांतील सुमारे ४० मुलांना लघुदृष्टी आली, तर बाहेर राहिलेल्यांत ती सुमारे ३० जणांना आली. मुलीला चष्मा लागेल म्हणून काळजी करणाऱ्या आयांनी हे ध्यानात ठेवावे.

आता थोडे व्यवहाराचे. सूर्योदयाचे कोवळे ऊन सुखाचे असते, त्याने झोपेचे चक्र सुधारते. पण ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण त्यात फार थोडे असतात. ओळखायची सोपी खूण आपली सावली. सावली आपल्या उंचीएवढी किंवा त्याहून आखूड झाली की ते किरण पुरेसे पोहोचतात. आपल्याकडे वैशाखात ही वेळ सकाळी नऊच्या सुमारास येते. पौषात मात्र सावली जेमतेम भर दुपारीच तेवढी आखूड होते. म्हणून हिवाळ्यात जेवणाच्या आधी अर्धा-पाऊण तास खुशाल उन्हात बसावे. उन्हाळ्यात नऊच्या पुढे पाव-अर्धा तास पुरे, त्यानंतर सावलीत यावे. वैशाखातल्या दुपारी उन्हात बसणे म्हणजे आरोग्य नव्हे, उष्माघाताला आमंत्रण आहे. हात, पाय, चेहरा उघडा असावा. बंद काचेच्या खिडकीतून आलेले ऊन या कामी येत नाही, कारण हे किरण काच अडवते. सावळ्या कांतीला गोऱ्या कांतीपेक्षा अधिक वेळ लागतो. उन्हाबरोबर दूध, तीळ, नाचणीही हवी, कारण चुना नसेल तर ऊन एकटे हाड बांधीत नाही. तान्ह्या बाळांना पहिले वर्षभर रोज ४०० एककांचे थेंब देण्याचा सल्ला आज बालरोगतज्ज्ञ देतात, तो पाळावा. मोठ्यांनी मात्र मैत्रिणीने घेतली म्हणून गोळी किंवा इंजेक्शन घेऊ नये. जास्त झालेले ड जीवनसत्त्वही अपाय करते. कंबर, मांड्या सतत दुखत असतील, जिना चढवत नसेल, तर वय झाले म्हणून सोडून न देता डॉक्टरांना दाखवावे.

शेवटी एक सूचना. आपल्यापैकी पुष्कळजणी म्हणतील की हे सारे पटते, पण नुसते उन्हात बसायला वेळ कुठे आहे, आणि बसलेली बाई कुणाला दिसली तर घरचे काय म्हणतील? अडचण खरी आहे, आणि ती एकेकटीने सुटणारी नाही. चौक होता तेव्हा बाई कामाच्या निमित्ताने उन्हात असे, म्हणून तिला कुणी रिकामी म्हणत नसे. आता ते निमित्त आपल्या मंडळाने द्यावे. कार्तिकापासून रथसप्तमीपर्यंत आठवड्यातून तीन दिवस, एखाद्या भगिनीच्या गच्चीवर किंवा मोकळ्या पटांगणात, स्वयंपाक आटोपल्यावर तासभर जमावे. भाजी निवडावी, वाचन करावे, विणकाम करावे, बाळंतिणींनी बाळे घेऊन यावे, आणि जिना चढता येत नाही अशा आजींसाठी खाली खुर्ची टाकावी. शिकवणीच्या मुलींनाही सुट्टीच्या दिवशी बोलवावे. याला वर्गणी लागत नाही, साहित्य लागत नाही. सुनेला घेऊन सासूच आली, तर घरचे काय म्हणतील हा प्रश्नही उरणार नाही. येत्या कार्यकारिणीच्या बैठकीत याचा विचार व्हावा, अशी सर्व भगिनींना नम्र विनंती आहे.